दार लागलं पाहिजे

आमच्या कॉलेजात लिफ्ट आहे, पण ती बहुतेक वेळा बंद असते. जीवशास्त्राची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर, जिना वळतो तिथे, एक सूचनाफलक आहे. हिराबाई रोज सकाळी त्या फलकापाशी थांबायच्या आणि सूचना वाचायच्या. हातात काचेच्या बशांचा ट्रे असो की बकऱ्याच्या हृदयांचा डबा असो, थांबायच्याच. ऑगस्टमधली सूचना मार्चमध्येही तिथेच लटकत असायची, तीही वाचायच्या. सतरा वर्षं मी त्यांच्या मागून तो जिना चढले आणि मला वाटत राहिलं, बाईंना वाचनाची आवड दिसते.

मी बारावीला हृदय शिकवते. कप्पे, झडपा, धमन्या, शिरा, दर वर्षी. तरी मला तसं वाटत राहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणी उगाच बरं मत करून घेणार नाही.

हिराबाई आमच्या प्रयोगशाळा परिचर. सामान मांडायचं, काचा धुवायच्या, बरण्या पुसायच्या, मुलं गेली की ओटे साफ करायचे. घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. पहाटेपासून आठपर्यंत तिथल्या बाजारात सासूच्या जागेवर मासे कापून द्यायच्या, मग ती जागा मुलीच्या, जयूच्या, ताब्यात देऊन, लिंबाने हात चोळून, पातळ बदलून अंधेरीला कॉलेजात हजर. बाजारातल्या बाकीच्या बायका विळीवर बसून कापतात. हिराबाई उभ्याने, ओट्यावर, कोयत्याने कापायच्या. बसलेल्या मी त्यांना पाहिलंच नाही. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी एक स्टूल होतं, त्यावर त्यांचा जेवणाचा डबा बसायचा. जेवायच्याही खिडकीशी उभ्या राहून. बोलताना या पायावरून त्या पायावर. "बसा की हिराबाई," म्हटलं, तर म्हणायच्या, "बसलं की छाती भरते, मॅडम. उभं बरं." वाक्य मला इतकं आवडलं होतं, की मी ते घरी जाऊन सांगितलंही होतं.

मुलं त्यांना मावशी म्हणायची. ते त्यांना चालायचं. पण "मावशी, जरा हे उचला ना" असा लाडिक सूर लागला, की त्या म्हणायच्या, "मावशी हाय, हमाल नाय. तुझा ट्रे तू उचल." कॉलेजात त्या ऑफिसची मराठी बोलायच्या. चिडल्या की कोळीवाडा बाहेर यायचा. मग "मला" चं "मना" व्हायचं आणि मुलं चुपचाप ट्रे उचलायची.

आता माझं शिक्षण. मी वनस्पतिशास्त्राची. एमएस्सीला शेवाळ केलं. आमच्यासारख्या छोट्या ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राला एकच बाई असते, तिने झाडंही शिकवायची आणि प्राणीही. घरी अंडंसुद्धा न आणणाऱ्या माणसांत वाढलेली मी, पहिल्या वर्षी हृदयाच्या प्रॅक्टिकलला चिमटा घेऊन उभी राहिले. बेडूक कापणं तेव्हा बंद झालं होतं, त्यामुळे बकऱ्याची हृदयं यायची. ती आणण्याचं काम हिराबाईंचं. जोगेश्वरीच्या एका मटणवाल्याकडे देवनारहून माल आला की त्या स्वतः जाऊन निवडून आणायच्या. खाटीक हृदय काढताना वरच्या रक्तवाहिन्या अगदी मुळाशी कापतो, कारण गिऱ्हाइकाला त्या नको असतात. हिराबाई त्याच्याशी दर वर्षी भांडायच्या. "नळी ठेव रे, नळी. नळीशिवाय पोरं काय शिकणार, खिमा?"

तर मी चिमट्याने हृदय उचलायला गेले आणि ते ट्रेमध्ये परत पडलं. मुलं हसली. हिराबाई शेजारी येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, चिमट्यात पान धरतात. हे हातात घ्या." मी घेतलं नाही. त्यांनी घेतलं, पाण्याखाली धरलं, दाबून गुठळ्या काढल्या आणि मला विचारलं, "यातलं डावं कुठलं?"

मी आकृतीत डावीकडे असतं ते दाखवलं.

"ते तुमचं डावं. त्याचं कुठलं?"

असं म्हणून त्यांनी ते हृदय स्वतःच्या एप्रनवर, छातीशी, जसं आत असतं तसं धरलं. टोक खाली, जरा डावीकडे. "आता बघा. पुस्तकातला माणूस आपल्यासमोर उभा असतो. त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. दिल पण तसंच." आदल्या दिवशी वर्गात मी हे उलटं शिकवून आले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन फळ्यावरचं दुरुस्त केलं. कोणाकडून कळलं ते सांगितलं नाही.

मग त्यांनी महाधमनीच्या तोंडात, वरून, बारीक धारेने पाणी ओतलं. पाणी आत गेलं नाही. काठोकाठ भरून तिथेच थांबलं. आत तीन इवल्या पारदर्शक खिशांनी एकमेकांना चिकटून वाट बंद केली होती. मी ही झडप चित्रात शंभरदा काढली होती. ती काम करताना पहिल्यांदा पाहिली.

"मेल्यावर पण लागतंय बघा," हिराबाई म्हणाल्या. "रक्त पुढे गेलं की दार लागलं पाहिजे. नाय लागलं तर आलेलं सगळं परत मागे. मग पंप कितीही मारा."

झडप हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. दार. पुढची सतरा वर्षं आमच्या प्रयोगशाळेत दारच होतं. मुलं ओतायची, पाणी थांबलं की ओरडायची, "मावशी, लागलं!" आणि एखाद्या गटाचं पाणी झिरपलं तर हिराबाई लगेच तिथे. "तू चाकू आत घुसवलास. दार फाडलंस. चल, दुसरं घे, आणि हात हलका ठेव."

तीस वर्षं तोच धडा वेगवेगळ्या मास्तरांकडून ऐकून त्यांनी तो स्वतःच्या हिशेबाने लावून घेतला होता. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाला तीन, आपल्याला चार. हिराबाईंच्या भाषेत मासा वन आरके, बेडूक वन बीएचके, माणूस टू बीएचके. "बेडकाला मधली भिंत नाय, त्यामुळे आलं-गेलं मिसळतं. पण त्याचं भागतं. तो बिल्डरकडे जात नाय." झुरळाला तर नळ्याच नाहीत, सगळं रक्त अंगात मोकळं, अवयव त्यातच बुडालेले. ती चाळीतली खोली. तिथेच झोपा, तिथेच शिजवा.

खरं भांडण एकदाच झालं, आणि तेही एका शब्दावरून. आमच्याकडे बरीच मुलं मराठी शाळांतून येतात. त्यांना समजावं म्हणून मी शाळेत शिकले होते तेच शब्द वापरले. फुफ्फुसाकडून येतं ते शुद्ध रक्त, अंगातून परत येतं ते अशुद्ध. तास संपल्यावर हिराबाई ओटा पुसता पुसता थांबल्या.

"मॅडम, अशुद्ध म्हंजे काय?"

"म्हणजे ऑक्सिजन कमी झालेलं."

"मग कमी झालेलं म्हणा. अशुद्ध काय? त्याने काय केलं?"

"अहो, शब्द आहे तो पुस्तकातला."

"शब्द हाय, पण कुणाला म्हणतात तो, तुमाला माहीत नाय?" पोछा बादलीत आपटला. "आमच्या बायका पहाटे भरली पाटी घेऊन निघतात. दारोदार विकतात. दुपारी रिकामी पाटी घेऊन येतात. येताना त्या अशुद्ध होतात काय? दमलेल्या असतात. उद्या परत भरून निघतील. मना नको सांगू बाय, अशुद्ध-बिशुद्ध."

मला एकेरीत बोलल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि पर्वा नसेल. मी जरा सावरून, बाईपणा राखायचा म्हणून म्हटलं, की तशी ती पाटी पूर्ण रिकामीही नसते. परत येणाऱ्या रक्तात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो.

"मग काय तर," हिराबाई म्हणाल्या. "चार बोंबील उरतातच."

तेव्हापासून आमच्याकडे भरली पाटी आणि रिकामी पाटी. याचा परिणाम वार्षिक तोंडी परीक्षेत दिसला. बाहेरून आलेले परीक्षक, वयस्कर, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी ओंकार नावाच्या मुलाला नेहमीचा फसवा प्रश्न विचारला, फुफ्फुसधमनीत कोणतं रक्त असतं. ओंकार घाबरून बोलून गेला, "रिकाम्या पाटीचं, सर."

"काय?"

आता मागे फिरता येत नव्हतं. "म्हणजे सर, ऑक्सिजन कमी असलेलं. पण ते हृदयाकडून निघून चाललंय ना, म्हणून तिला धमनीच म्हणायचं. रस्त्याचं नाव पाटीवरून ठरत नाही सर, कुठे चाललाय त्यावरून ठरतं."

परीक्षकांनी चष्मा काढला. माझ्याकडे वळून विचारलं, "हे कोणत्या संदर्भग्रंथात आहे?" मोरीपाशी हिराबाई अचानक फार जोरजोरात ट्रे धुवायला लागल्या.

"स्थानिक आहे, सर," मी म्हटलं. ओंकारला पूर्ण गुण मिळाले.

एका वर्षी प्लास्टिकचं नवं हृदय आलं. अर्धं लालभडक, अर्धं शाळेच्या गणवेशासारखं निळं. एका मुलीने विचारलं, की मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, म्हणजे रक्त खरंच निळं असतं का. मी सांगितलं, नाही, फक्त गडद लाल. ओघात हेही सांगितलं, की काही प्राण्यांचं असतं निळं, आणि माकूल म्हणजे स्क्विड, ऑक्टोपस यांना तर तीन हृदयं असतात. पुस्तकात वाचलेलं सांगून मी मोकळी झाले. हिराबाई बरण्या पुसत होत्या. पुसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून ताजं माकूल काढलं आणि ओट्यावर उघडून ठेवलं. दोन कल्ले, प्रत्येकाच्या बुडाशी एक बारीक गोळा, आणि मधोमध एक. "मोजा." मुलांनी मोजली. मीही मोजली. मग एक चिंबोरी आणली होती, तिचा पाय मोडून पाणी बशीत धरलं. आधी बिनरंगी. हवा लागली तशी हळूहळू निळसर झाक आली. तिच्या रक्तात लोखंडाऐवजी तांबं असतं आणि तिच्याकडे भरली पाटी निळी असते, हे मी समजावलं. त्या प्लास्टिकच्या हृदयाच्या बरोबर उलट.

हिराबाईंचं लक्ष माकुलाकडेच होतं. "तीस वर्षं साफ करते मी हे. हे सगळं काढून फेकते. कधी मोजली नाय." मग जरा वेळाने, स्वतःशीच, "तीन-तीन दिलं. आणि तरी जाळ्यात येतं."

आता त्या मंगळवारचं सांगते.

हृदयाचे ठोके ऐकण्याचं प्रात्यक्षिक होतं. दोघा-दोघांत एक स्टेथोस्कोप. मी फळ्यावर लिहिलं होतं. पहिला आवाज, लब, म्हणजे कप्प्यांमधली मोठी दारं लागतात तो. दुसरा, डब, धमन्यांच्या तोंडाची दारं लागतात तो. म्हणजे आवाज रक्ताचा नसतो, दारांचा असतो. तन्वी नावाची एक अबोल मुलगी जोडीविना राहिली. हिराबाई म्हणाल्या, "ये, माझं ऐक. माझं फुकट हाय."

तन्वीने ऐकलं. फार वेळ ऐकलं. नळीची टोकं कानात नीट बसवून पुन्हा ऐकलं. आणि मग, मी शिकवलेलं बरोबर लावून, सगळ्या वर्गासमोर म्हणाली, "मॅडम, यांचं लब येत नाहीये. फुस्स येतंय. दार लागत नाहीये."

हिराबाईंनी तिच्या कानातली टोकं काढली. "नळी फाटलीय तुझी," म्हणाल्या, आणि ट्रे उचलून मोरीकडे गेल्या.

मी तो स्टेथोस्कोप स्वतःला लावून पाहिला. नळीला काही झालं नव्हतं.

मुलं गेल्यावर मी मोरीपाशी जाऊन उभी राहिले. "किती वर्षं झाली?"

"कशाला?"

"हिराबाई."

त्यांनी नळ बंद केला. "जयू झाली तवापासून माहीत हाय." जयू तेव्हा एकतीस वर्षांची होती. हिराबाईंना लहानपणी घसा धरून मोठा ताप आला होता, सांधे सुजले होते, घरच्यांनी शेक दिला आणि विसरून गेले. बाळंतपणात डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या बाजूचं मधलं दार खराब झालंय. गोळ्या सुरू होत्या. आदल्या दिवाळीत मोठ्या हॉस्पिटलमध्ये सांगितलं, आता गोळ्यांनी भागणार नाही, दार बदलावं लागेल, आणि उशीर केलात तर हृदयच इतकं सैल पडेल की मग बदलूनही उपयोग नाही.

"डॉक्टर म्हणाला, तुमचं दिल मोठं झालंय. मी म्हटलं, कोळणीचं मोठंच असतं. तो हसला नाय."

"मग केलं का नाही?"

"प्रॅक्टिकल होती. मग नारळी पुनव आली. मग जयूच्या पोरीचं बारसं. आता परत प्रॅक्टिकल हायत."

मला एकदम जिना आठवला. "आणि तो सूचनाफलक?"

"सूचना कोण वाचतो, मॅडम?"

त्यानंतरचे दोन महिने आम्हा दोघींनाही चैन नव्हतं. मी रोज विचारायची, त्या रोज नवं कारण द्यायच्या. पाय संध्याकाळी सुजायला लागले. चपलेचा पट्टा रुतलेला दिसायचा. झोपताना दोन उशा होत्या त्या तीन झाल्या. आता दुसऱ्या मजल्याबरोबर पहिल्यावरही थांबायला लागलं, आणि तिथे तर फलकही नाही. त्या आगीच्या बादल्या बघत उभ्या राहायच्या. मी वैतागून एकदा म्हटलं, "तुम्हाला मरायचंय का?" त्या म्हणाल्या, "नाय. तुमी हळू चढा."

शेवटी त्यांनी सांगितलं ते हृदयांचा डबा घासताना. दिवस प्रॅक्टिकलचाच होता.

"दार बदलायचं म्हंजे पहिलं दिल बंद करतात. बरोबर?"

"हो. थंड करून थांबवतात. काम झालं की पुन्हा सुरू करतात."

"मी इथे किती दिलं हाताळली असतील? दर वर्षी वीस-पंचवीस. सगळी बंद पडलेली. धुतली, दाबली, कापली, पाणी ओतलं. चालू होताना एक पण नाय बघितलं मी." डबा उपडा ठेवला. "तुमी बघितलंय?"

मी शेवाळवाली. मी काय बघणार? खोटं बोलायला सोपं होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नसतं. मला जेवढं नक्की माहीत होतं तेवढंच सांगितलं. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर एका ठोक्याला सेकंदाहून थोडा कमी वेळ मिळतो. त्यातला निम्मा वेळ सगळं हृदय सैल सोडलेलं असतं. काहीही करत नसतं. म्हणजे दिवसाला लाखभर वेळा ते थांबतं आणि लाखभर वेळा सुरू होतं.

"पुस्तकात तर लिवलंय, कधीच थांबत नाय म्हणून."

"पुस्तकात अशुद्धही लिहायचे."

हे त्यांना पटल्यासारखं वाटलं, पण सोडलं नाही. "ते आपलं आपण थांबतं. इथे दुसरा थांबवणार."

"हो."

"आणि तेवढा वेळ रक्त?"

"यंत्रातून फिरतं. पाट्या भरून द्यायचं काम यंत्र करतं आणि ढकलायचंही."

"रस्ते तेच?"

"रस्ते तेच."

"बघते," म्हणाल्या. सोमवारी रजेचा अर्ज माझ्या टेबलावर होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'दार दुरुस्ती'. मी ते खोडून 'हृदय शस्त्रक्रिया' लिहिलं आणि वर पाठवलं. नाहीतर ऑफिसने घर गळतंय का विचारलं असतं.

दार कोणतं बसवायचं ते त्यांना विचारलं गेलं. जयूच्या आग्रहावरून मीही गेले होते. सर्जन एक तरुण बाई होती, मोजकं बोलणारी. तिने दोन नमुने टेबलावर ठेवले. एक जनावराच्या ऊतीपासून बनवलेलं. ते बसवलं तर पुढे गोळ्यांचा त्रास कमी, पण काही वर्षांनी झिजतं, पुन्हा उघडावं लागू शकतं. दुसरं धातूचं. ते टिकतं, पण त्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची, वेळच्या वेळी तपासणी करायची, आणि धारदार वस्तूंपासून जपायचं, कारण कापलं तर रक्त लवकर थांबत नाही.

"काम काय करता?" तिने विचारलं.

"मासे कापते," हिराबाई म्हणाल्या. सतरा वर्षांत त्यांनी कॉलेजची नोकरी आधी सांगितली नाही असं मी पहिल्यांदा ऐकलं.

"मग जनावराचं बघूया?" सर्जन म्हणाली.

हिराबाईंनी आधी तेच उचललं. उजेडात धरलं, पाकळ्या बोटाने हलवल्या. कारागिरी बघतात तसं बघितलं. "बकऱ्याचं हाय?"

"नाही."

"हां. मोठं वाटलं." ते खाली ठेवून धातूचं घेतलं. त्याची दोन पाती उघडमीट केली. खट. परत केली. खट. "याचा आवाज येणार?"

"शांत असेल तेव्हा तुम्हाला ऐकू येईल. काहींना त्रास होतो त्याचा."

"लागलं की कळणार म्हंजे." त्या जयूकडे वळल्या. जयूच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तिला निर्णय आधीच कळला होता. "कोयता तू घे. दिल एकदाच बंद पाडायचं. परत-परत नाय."

ऑपरेशनच्या दिवशी माझं हृदयाचं प्रॅक्टिकल होतं. पुढे ढकललं असतं, पण वेळापत्रक कोणाच्या दारासाठी थांबत नाही. सकाळी जोगेश्वरीला जाऊन डबा मीच भरून आणला. मटणवाल्याने मला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. "कोळीणबाई कुठे आहेत?" म्हणाला. मी सांगितलं. त्याने नळ्या एवढ्या लांब ठेवल्या की डब्याचं झाकण लागेना.

अडीच वाजता जयूचा फोन आला. बारा गट ओट्यांवर, प्रत्येकाच्या हातात हृदय आणि पाण्याचा चंबू. जयू म्हणाली, "मॅडम, आईचं सुरू झालं." एवढंच. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मुलं माझ्याकडे बघत होती, तन्वी सगळ्यात जास्त. मी म्हटलं, "काय बघताय? ओता पाणी. दार लागलं पाहिजे." आवाज नको तितका मोठा निघाला.

हिराबाई तीन महिन्यांनी परत आल्या. निवृत्तीला अर्धंच वर्ष उरलं होतं. वजन उतरलं होतं, पाय सडपातळ दिसत होते, गळ्याच्या खाली पदराआड लांब व्रण. पहिल्याच आठवड्यात लेखी चाचणी होती, वर्ग चिडीचूप. कुठून तरी टिकटिक येत होती, मुलं माना वर करून घड्याळ शोधायला लागली. भिंतीवरचं घड्याळ तर कधीचं बंद होतं.

"लिवा," हिराबाई म्हणाल्या. "माझं दार हाय ते."

आता त्यांनी चाकूला हात लावायचा नाही असं मी ठरवून टाकलं होतं. त्यांनी ऐकलं, पण हातांनी ऐकलं नाही. मुलं कापायची तेव्हा त्या दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून ओट्याभोवती फेऱ्या मारायच्या. खिशाच्या आत बोटं चालू. "उलटं धरलंस. धार वर. अरे, हळू." जयू सांगायची, बाजारातही तसंच. आई मागे उभी राहते, हात पदरात गुंडाळते आणि प्रत्येक पापलेटाला सूचना देते, गिऱ्हाईकं हसतात. एकदा न राहवून कोयता उचलला होता. बोट जरासंच कापलं, पण रुमाल दाबून अर्धा तास बसावं लागलं. जयूच्या म्हणण्याप्रमाणे बसावं लागल्याचाच राग जास्त होता.

निवृत्त झाल्यावर त्या कॉलेजात आल्या नाहीत. बोलावलं तरी नाहीत. "काम नसताना यायला मी काय इन्स्पेक्टर हाय?" फोनवर बोलतो. फोनमध्ये ती टिकटिक येत नाही. मागे बाजाराचा गोंगाट असतो आणि त्यातच कोणाला तरी दटावणं.

म्हणून मला त्या दिसतात त्या शेवटच्या दिवशीच्या. दुपारी दोनची वेळ, वर्ग चालू, जिना रिकामा. निरोपाचा कार्यक्रम तीनला होता. त्या पुढे, मी मागे, नेहमीसारखं. हातात प्रयोगशाळेच्या किल्ल्यांचा जुडगा, तो परत करायचा होता. पहिला मजला त्यांनी न थांबता पार केला. आगीच्या बादल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या मजल्यावर, वळणावर, सूचनाफलकासमोर थांबल्या.

मी दोन पायऱ्या खाली होते. पर्समधला मोबाईल चाचपला. जयूचा नंबर, हॉस्पिटलचा नंबर, रिक्षा खाली असेल का, लिफ्ट चालू आहे का, सगळं एका दमात डोक्यात फिरलं.

त्या वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नाय गो बाय. दम नाय लागला. खरंच वाचते."

फलकावर त्यांच्याच निरोप समारंभाची सूचना होती. त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, ओठ हलवत वाचली. जिन्यात टिक, टिक, टिक चालू होतं.

"खाली सही नाय कुणाची," म्हणाल्या. "सही नसलेली नोटीस चालत नाय. म्हंजे मी अजून रिटायर नाय."

आणि कठड्याला हात न लावता वर निघाल्या. किल्ल्यांचा आवाज आणि तो दुसरा आवाज, दोन्ही वळणाआड गेले, आणि तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेचं कुलूप उघडल्याचं मला खाली ऐकू आलं.

मी फलकापाशीच उभी होते. मला दम लागला होता. मी सूचना वाचायला लागले.